सही करण्याआधी कागद वाचायचा कसा?

तुमचा प्रश्न असा: वय २४, पुण्यात पहिली नोकरी, शनिवार-रविवार मोकळे. तीन महिने देऊन आयुष्यभर पुरेल असे एकच कौशल्य शिकायचे, तर कोणते? पोहणे, स्वयंपाक, गुंतवणूक, चारचौघांत बोलणे अशी यादी तुम्हीच दिली आहे आणि ‘यातले सर्वांत मोलाचे कोणते’ असे विचारले आहे.

यादीतून एक निवडण्याआधी मोल कशावरून ठरवायचे ते पाहू. चूक झाली तर किती महागात पडते, ती चूक करण्याची वेळ आयुष्यात किती वेळा येते, आणि ऐनवेळी दुसऱ्याची मदत मिळते का, या तीन गोष्टींवरून मी ठरवतो. परिस्थितीप्रमाणे उत्तर बदलेल हे उघड आहे. घरात हृदयविकाराचा रुग्ण असेल तर आधी सीपीआर (हृदय बंद पडल्यास छाती दाबून देण्याचा प्रथमोपचार) शिका. ते अर्ध्या दिवसाचे प्रशिक्षण आहे. पाण्याकाठी राहत असाल तर पोहणे आधी. वरण-भात, दोन भाज्या आणि पोळ्या येत नसतील तर ते महिन्याभरात होऊन जाईल, त्यासाठी तीन महिने नकोत.

हे सगळे येत असेल तर माझे उत्तर तुमच्या यादीत नाही. सही करण्याआधी कागद वाचता येणे, हे ते उत्तर. दस्त तयार करणे आणि तपासणे हाच माझा व्यवसाय असल्यामुळे मी एकांगी बोलतोय असे म्हणा हवे तर. पण वरच्या तिन्ही कसोट्या लावून बघा. भाडेकरार, नोकरीचे पत्र, कर्ज, विमा, जामीन, गावची जमीन: पुढच्या दहा वर्षांत निदान पंधरा-वीस ठिकाणी तुम्ही सही कराल. वकील प्रत्येक वेळी सोबत नसतो. आणि एकदा केलेली सही ‘मी वाचलेच नव्हते’ म्हणून सुटत नाही.

लोक का वाचत नाहीत? कंटाळा हे कारण असतेच, पण मोठे कारण संकोचाचे. समोरचा माणूस पेन धरून बसलेला असतो, ‘इथे, इथे आणि इथे’ म्हणून पाने उलटत असतो, आणि वाचत बसलो तर त्याच्यावर अविश्वास दाखवल्यासारखे वाटते. यावर उपाय एकच: कागद आदल्या दिवशी मागायचा. ‘मसुदा व्हॉट्सॲपवर पाठवा, उद्या सही करायलाच येतो’ हे वाक्य तोंडपाठ ठेवा. जो मसुदा आधी द्यायला तयार नाही त्याच्याबद्दलची माहिती तिथेच मिळाली.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. ‘बँक माझ्यासाठी कलम बदलणार आहे का? मग वाचून उपयोग काय?’ छापील कलम बदलणार नाही, हे खरे. पण छापील मजकूर सगळ्यांना सारखाच असतो. भांडणे बहुतेक वेळा मधल्या भरलेल्या जागांवरून होतात: रक्कम, दर, तारीख, नाव, मुदत, क्षेत्रफळ. त्या जागा बदलून घेता येतात. शिवाय कलम बदलले नाही तरी तुमचा निर्णय बदलू शकतो. कर्ज कमी घ्याल, दुसरीकडे विचाराल, किंवा दंड किती लागेल हे माहीत असल्यामुळे तेवढे पैसे बाजूला ठेवाल.

आता वाचायचे कसे. पहिल्या पानापासून सुरुवात करू नका. तिथे ‘सदर’, ‘उपरोक्त’ आणि ‘लिहून देणार’ यांची गर्दी असते आणि तिसऱ्या परिच्छेदात डोळे मिटतात. आधी शेवटची पाने उघडा. परिशिष्टात मालमत्तेचे वर्णन, हप्त्यांचा तक्ता, शुल्कांची यादी असते. खरा व्यवहार तिथेच असतो. पहिल्या फेरीत फक्त नावे, आकडे, तारखा आणि रिकाम्या जागा बघा. नाव आधार आणि पॅनवर आहे तसेच आहे का, आकडा अंकी आणि अक्षरी एकच आहे का. रिकामी राहिलेली प्रत्येक जागा आडवी रेघ मारून बंद करा. याला दहा मिनिटे लागतात.

दुसरी फेरी पैशांची, कॅल्क्युलेटर घेऊन. एकूण किती जाणार, किती परत येणार, केव्हा. तिसरी फेरी बाहेर पडण्याची: व्यवहार मधेच मोडायचा झाला तर कोण मोडू शकतो, किती दिवसांची नोटीस, किती दंड. करार करताना सगळेच खुशीत असतात, म्हणून हा भाग कोणी वाचत नाही. आणि बरेच वाद इथेही होतात. चौथी फेरी न जोडलेल्या कागदांची. ‘कंपनीच्या वेळोवेळी लागू होणाऱ्या धोरणानुसार’ किंवा ‘सोबतच्या परिशिष्टात नमूद केल्याप्रमाणे’ असे लिहिले असेल तर ते धोरण आणि ते परिशिष्ट मागून घ्या. ते न बघता सही करणे म्हणजे अर्धाच करार वाचणे.

वाचताना काही शब्दांखाली पेन्सिलीने रेघ मारायची सवय लावा. ‘वेळोवेळी’ म्हणजे पुढे बदलू शकते. ‘परंतु’, ‘तथापि’, ‘अधीन राहून’ यांच्या मागे जे दिलेले असते ते यांच्या पुढे काढून घेतलेले असते. ‘संयुक्तपणे व स्वतंत्रपणे’ म्हणजे चौघांची मिळून जबाबदारी, पण वसुली एकट्याकडूनही पूर्ण होऊ शकते. आणि ‘किंवा’च्या जागी ‘आणि’ असले तर एका अटीच्या दोन अटी होतात.

तुमच्या वयात पहिला कागद येतो तो नोकरीचा, पण त्यावर फार वेळ नको. वार्षिक सीटीसीच्या, म्हणजे कंपनीला तुमच्यावर येणाऱ्या एकूण खर्चाच्या, आकड्यात कंपनीने भरायचा भविष्य निर्वाह निधीचा वाटा असतो. बऱ्याच कंपन्या ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना मिळणारी एकरकमी रक्कम, हीही त्यात धरतात. मूळ पगाराच्या ४.८१ टक्के ही ओळ दिसली की ती हीच. ती रक्कम दरमहा हातात येत नाही. नोटीस कालावधी दोन्ही बाजूंना सारखा आहे का ते बघा. ‘दोन वर्षे सोडायचे नाही, नाहीतर अमुक लाख’ असा बाँड असेल तर भारतीय करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे वाजवी नुकसानभरपाईच मिळू शकते, लिहिलेला आकडा ही तिची कमाल मर्यादा. म्हणजे बाँड आंधळेपणाने घाबरण्यासारखा नाही आणि हसण्यावारी नेण्यासारखाही नाही. मूळ प्रमाणपत्रे मात्र कोणाच्या ताब्यात देऊ नका.

भाड्याच्या घराबाबत पुण्या-मुंबईत एक समज पक्का बसलेला आहे: अकरा महिन्यांचा करार असला की नोंदणी लागत नाही. महाराष्ट्रात हे खरे नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी घर वापरायला देण्याचा, करार लेखी आणि नोंदणीकृतच लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. नोटरीचा शिक्का ही नोंदणी नव्हे. खर्चाचा हिशोबही स्वतः करता येतो. समजा भाडे २४,००० रुपये, मुदत १२ महिने, अनामत १ लाख. वर्षाचे भाडे २,८८,०००, अनामतीवर १० टक्क्यांनी धरलेले वर्षाचे व्याज १०,०००, बेरीज २,९८,०००. त्यावर पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे सुमारे ७५० रुपये, आणि शहरी भागात नोंदणी फी १,०००. एजंट ‘सरकारी खर्च पाच हजार’ म्हणाला तर पावत्या मागा. वरचे पैसे त्याच्या सेवेचे आहेत आणि सेवेची घासाघीस करता येते.

करारात लॉक-इनचे, म्हणजे ठरलेल्या काळाआधी घर न सोडण्याचे, कलम शोधा. सहा महिन्यांचा लॉक-इन असून तुम्ही तिसऱ्या महिन्यात घर सोडले तर उरलेल्या तीन महिन्यांचे भाडे मागितले जाऊ शकते. तो लॉक-इन मालकालाही लागू आहे का हे वाचा. अनामत परत करण्याची तारीख लिहून घ्या, नुसते ‘घर सोडल्यानंतर’ नको. ‘ताबा देताना त्याच वेळी’ असे असावे. रंगकामाची कपात किती, हा आकडा आधीच ठरवा. मुदत संपल्यावरही राहिलात तर कलम २४ प्रमाणे दुप्पट दराने नुकसानभरपाई लागू शकते, तेव्हा नूतनीकरणाची आठवण फोनमध्ये दोन महिने आधीची लावा.

कर्जावर जरा थांबतो, कारण इथे एका शब्दाने लाखभराचा फरक पडतो. ५ लाख रुपये, ५ वर्षे, ‘फक्त १० टक्के’. दर फ्लॅट असेल तर पूर्ण ५ लाखांवर पाचही वर्षे व्याज लागते: वर्षाला ५०,०००, एकूण अडीच लाख, हप्ता १२,५०० रुपये. तोच १० टक्के दर घटत्या शिलकीवर, म्हणजे फेडून उरलेल्या मुद्दलावरच, असेल तर हप्ता साधारण १०,६२४ आणि एकूण व्याज सुमारे १ लाख ३७ हजार. उलटे पाहिले तर फ्लॅट १० टक्के म्हणजे घटत्या शिलकीवर सव्वासतरा टक्क्यांच्या आसपास. म्हणून ‘दर किती’ हा प्रश्न अपुरा आहे. ‘हप्ता किती, किती हप्ते, आणि माझ्या खात्यात प्रत्यक्षात किती जमा होणार’ हे तिन्ही विचारा. ५ लाख मंजूर करून प्रक्रिया शुल्क आणि विम्याचा हप्ता कापून ४ लाख ८२ हजार हातात येत असतील, तर व्याज मात्र ५ लाखांवर चालू असते.

ही सगळी गणिते एकाच कागदावर मिळावीत अशी सोय आता आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्जांसाठी ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ देणे रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केले आहे. त्यात एपीआर, म्हणजे शुल्के आणि विमा धरून पडणारा वार्षिक खर्च, टक्क्यांत दिलेला असतो. दोन बँकांची तुलना जाहिरातीतल्या दराने करू नका, एपीआरने करा. हे पत्रक तुम्हाला समजणाऱ्या भाषेत मिळायला हवे, म्हणजे मराठीत मागायला हरकत नाही. आठवडाभर किंवा त्याहून अधिक मुदतीच्या कर्जात ते किमान तीन कामकाजाचे दिवस वैध राहते, म्हणून ‘आजच सही करा, उद्या दर बदलेल’ या घाईला उत्तर तुमच्या हातात आहे. त्या पत्रकात नसलेले शुल्क तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय नंतर लावता येत नाही.

आता जामीन. माझ्या मते सगळ्यांत कमी वाचून सर्वांत मोठी जबाबदारी अंगावर घेतली जाते ती इथे. आतेभाऊ किंवा कार्यालयातला मित्र म्हणतो, ‘नुसती सही हवी आहे, पैसे मीच भरणार.’ त्याचा हेतू खरा असेलही. पण करार कायद्याचे कलम १२८ म्हणते की जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते, करारात वेगळे ठरले नसेल तर. आधी कर्जदाराकडून वसूल करा आणि मगच माझ्याकडे या, असे बँकेला सांगता येत नाही. सहकारी पतसंस्थेचे कर्ज असेल तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम १०१ खाली वसुलीचा दाखला मिळवून जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते. सोबतच्या गठ्ठ्यात पगारातून कपातीचे संमतिपत्र आहे का, हे जरूर बघा. ते बहुधा असते.

जामीनपत्रात तीन जागा वाचा. रक्कम ठरावीक आहे की ‘मुद्दल, व्याज, दंड व वसुलीचा सर्व खर्च’. जामीन एका कर्जापुरता आहे की चालू स्वरूपाचा, म्हणजे त्या माणसाने पुढे घेतलेल्या कर्जालाही लागू. आणि ‘मला न कळवता मुदत वाढवली किंवा अटी बदलल्या तरी माझी हरकत नाही’ असे वाक्य आहे का. कायद्याने जामीनदाराला असलेले बरेचसे संरक्षण या एका वाक्याने सोडून दिले जाते. माझी कसोटी साधी आहे: उद्या ही पूर्ण रक्कम स्वतःच्या खिशातून भरावी लागली तर झेपेल का? झेपत नसेल तर सही नको. नात्यात नकार देणे जड जाते हे मान्य. तेव्हा खरे तेच कारण सांगा: जामीन राहिलेले कर्ज आपल्या पतअहवालात दिसते आणि उद्या स्वतःच्या गृहकर्जाची पात्रता त्यामुळे घटू शकते. मदत करायचीच असेल तर झेपेल एवढी रोख रक्कम परत येणार नाही असे धरून देणे अनेकदा स्वस्त पडते.

याच प्रकारचा दुसरा धोका म्हणजे सही करून दिलेला कोरा धनादेश. ‘सुरक्षेसाठी ठेवतो’ म्हणून घेतला जातो. सही करून दिलेल्या कोऱ्या धनादेशात रक्कम दुसऱ्याने भरली तरी धनादेश न वटल्याबद्दल परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ ची कारवाई होऊ शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. ते कर्ज मुळात नव्हतेच हे सिद्ध करण्याचा भार मग तुमच्यावर येतो. द्यावाच लागला तर नाव आणि रक्कम भरून द्या, आणि कशासाठी दिला याची धनादेश क्रमांकासह पोच घ्या.

विम्यात पॉलिसीइतकाच महत्त्वाचा असतो प्रस्ताव अर्ज, आणि तो एजंट भरतो. मधुमेह, रक्तदाब, आधीच्या शस्त्रक्रिया यांपुढे त्याने ‘नाही’वर खूण केली असेल तर दावा फेटाळला जातो तुमचा. पॉलिसी आल्यावर अर्जाची प्रत सोबत असते ती वाचा. न पटल्यास ३० दिवसांत परत करता येते. आरोग्य विम्यात खोलीभाड्याची मर्यादा शोधा. ५ लाखांच्या पॉलिसीत दिवसाला १ टक्का म्हणजे ५,००० ची मर्यादा असेल आणि तुम्ही ८,००० ची खोली घेतली, तर फक्त ३,००० चा फरक भरून सुटका होत नाही. डॉक्टर, शस्त्रक्रियागृह अशा संलग्न खर्चांनाही पाच-अष्टमांशाची कात्री लागते: १ लाख ६० हजारांचे १ लाखच मिळतात. ही मर्यादा नसलेल्या पॉलिसीला हप्ता थोडा जास्त असतो. बहुतेकांनी तीच घ्यावी असे मला वाटते.

गावाकडे जमीन असेल तर सातबारा वाचता यायलाच हवा. क्षेत्र हेक्टर, आर आणि चौरस मीटर असे लिहिलेले असते. १.२०.५० म्हणजे १२,०५० चौरस मीटर, गुंठा १०१.१७ चौरस मीटरचा धरला तर सुमारे ११९ गुंठे, म्हणजे २ एकर ३९ गुंठे. भोगवटादार वर्ग २ लिहिले असेल तर ती जमीन परवानगीशिवाय विकता येत नाही. ‘इतर अधिकार’ हा रकाना लोक सोडून देतात. बँकेचा बोजा, कुळाचा हक्क, वहिवाटीचा रस्ता तिथेच सापडतो. प्रत्येक नोंदीशेजारी फेरफाराचा, म्हणजे हक्कातल्या बदलाच्या नोंदीचा, क्रमांक असतो. तो फेरफार काढून पाहिल्याशिवाय नाव कसे आले ते कळत नाही, आणि सातबाऱ्यावर नाव असणे हा मालकीचा अंतिम पुरावा नाही.

बहिणींसाठी मुद्दाम लिहितो. वडील गेल्यावर ‘वारसनोंदीसाठी सही हवी’ म्हणून जो कागद पुढे येतो, तो वारसाचा अर्ज आहे की हक्कसोडपत्र, हे शीर्षक आणि मुख्य परिच्छेद वाचून ठरवा. वारसनोंदीने नाव चढते. नोंदणीकृत हक्कसोडपत्राने हिस्सा कायमचा जातो. हिंदू वारसा कायद्याप्रमाणे वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे, आणि त्या कायद्यातली दुरुस्ती लागू झाली त्या ९ सप्टेंबर २००५ रोजी वडील हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ठरवून दिले आहे. हक्क सोडायचा की नाही हा ज्याच्या-त्याच्या घरचा प्रश्न. पण तो समजून सोडलेला असावा.

तीन महिन्यांचा सराव असा करा. पहिला महिना घरातले जुने कागद: आईवडिलांची विमा पॉलिसी, सातबारा, सोसायटीचे भागप्रमाणपत्र, वीजबिल. दर शनिवारी एक कागद, आणि प्रत्येकावर अर्ध्या पानाचे टिपण स्वतःच्या शब्दांत: कोण, किती, केव्हापर्यंत, मोडले तर काय. जे वाक्य स्वतःच्या शब्दांत लिहिता येत नाही ते समजलेले नाही, तिथे खूण करा. दुसऱ्या महिन्यात स्वतःचे नियुक्तिपत्र आणि भाडेकरार, चारही फेऱ्यांसह. तिसऱ्या महिन्यात न घेतलेल्या कर्जांची की फॅक्ट स्टेटमेंट दोन ठिकाणांहून मागवून शेजारी ठेवा आणि हप्त्याचे गणित स्वतः करून पडताळा. घरी कोणी वडीलधारे असतील तर त्यांना त्यांचाच कागद समजावून सांगा. त्यांचे प्रश्न आपल्यापेक्षा नेमके असतात.

वकिलाकडे कधी जायचे? स्थावर मालमत्तेची खरेदी, हक्कसोड, मृत्युपत्र, भागीदारी आणि वर्षभराच्या पगाराहून मोठी कोणतीही जबाबदारी असेल तर नक्की. जाताना ‘जरा बघून द्या’ म्हणू नका. तुमचे टिपण आणि खूण केलेली वाक्ये पुढे ठेवून विचारा: यातले माझ्या सर्वांत तोट्याचे कलम कोणते, आणि ते बदलले नाही तर मला कमाल किती भुर्दंड बसेल? उत्तर आकड्यात मागा. सही झाल्यावर सर्व पानांची प्रत त्याच टेबलावर घ्या, ‘नंतर पाठवतो’वर उठू नका, आणि घरी जायच्या आधी प्रत्येक पानाचा फोटो स्वतःला ईमेल करून ठेवा.